साध्या फोनाकडे परतलेले तरुण

(महोत्सवी व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला ह्या व्याख्यानासाठीं जो विषय दिला तो असा : 'तरुण पिढी व मोबाइलचा मोह'. विषय हातीं पडतांच मला थोडा आनंद झाला, हें मी लपवीत नाहीं. तीस वर्षें शिक्षकाच्या पेशांत घालविलेल्या मनुष्याला तरुणांचे कान उपटण्याची आयती संधि मिळाली म्हणजे जो आनंद होतो, तोच तो होता. परंतु टांचणें काढावयास बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, मोहांत सांपडलेल्या तरुणांविषयीं आपण सगळेच पुष्कळ बोलतों. त्या मोहांतून आपण होऊन बाहेर पडूं पाहणाऱ्या तरुणांविषयीं मात्र कोणी बोलत नाहीं. असे तरुण आहेत. थोडे आहेत, पण आहेत. त्यांतला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे. म्हणून समितीची क्षमा मागून मी विषयाची बाजू थोडी फिरवितों, आणि ज्यांनीं स्मार्टफोन ठेवून देऊन पुन्हां बटनांचा साधा फोन हातीं घेतला त्यांच्याविषयीं आज बोलतों.

माझा भाचा तेव्हां एकोणीस वर्षांचा होता. मुंबईच्या एका महाविद्यालयांत तो शिकतो. रोज पहांटे वसई रोड स्टेशनावर चर्चगेटची गाडी धरतो आणि सायंकाळीं परततो. दीड वर्षापूर्वीं एका रविवारीं मिस्सेनंतर तो आमच्या घरीं जेवावयास आला. पानें वाढलेलीं असतां कोठून तरी किणकिण अशी घंटी ऐकूं आली. आमच्या घरांतील मंडळींना वाटलें, कोणा लेंकरानें जुन्या घड्याळाचा गजर लावला. इतक्यांत भाच्यानें खिशांतून एक चिमुकला, जाडजूड, बटनांचा फोन काढला, दोन शब्द बोलला आणि परत खिशांत ठेवला. मुलें हंसूं लागलीं. मीही हंसलों.

"काय रे, नवा फोन हरवलास कीं काय?"

"नाहीं मामा, ठेवून दिला. आईच्या कपाटांत, साड्यांखालीं."

कारण विचारलें तेव्हां त्यानें जें सांगितलें तें मला आजही आठवतें. तो म्हणाला, "गाडींत जागा मिळाली कीं फोन काढायचा, आणि मान वर करायची ती चर्चगेटलाच. सव्वा तास गेलेला असायचा. त्या सव्वा तासांत काय पाहिलेंस असें कोणी विचारलें असतें, तर एकही गोष्ट सांगतां आली नसती. वाईट कांहीं पाहत नव्हतों, मामा. पण काय पाहिलें तेंच आठवत नसे."

मी शिक्षक, उत्तर तयार होतें. "अरे, वस्तु वाईट नसते, वापरणारा वाईट असतो. मन खंबीर असलें म्हणजे फोन खिशांत असून काय बिघडलें? पळून जाण्यांत कसला पुरुषार्थ?" हें वाक्य मीं वर्गांत अनेक वेळां वापरलें होतें आणि तें नेहमीं चालत असे. भाचा अगदीं नम्रपणें म्हणाला, "मामा, तुम्ही रोज किती वेळ फोन पाहतां त्याचा हिशेब तुमच्या फोनांतच असतो. दाखवूं का?" त्यानें माझा फोन घेऊन दोन-तीन ठिकाणीं बोट लावलें व पडदा माझ्यापुढें धरला. दिवसाला चार तास अकरा मिनिटें! मी निवृत्त मनुष्य. मला ना गाडी गांठावयाची, ना परीक्षा द्यावयाची. ते चार तास कोठें जात होते? गुलाबाचीं फुलें व सूर्योदय असलेलीं 'सुप्रभात'चीं चित्रें इकडून घेऊन तिकडे पाठविण्यांत, कोणाच्या तरी लग्नाचीं छायाचित्रें पाहण्यांत, आणि ज्या वादांशीं माझा कांहींएक संबंध नाहीं असे वाद शेवटपर्यंत वाचण्यांत. त्या दिवशींचें जेवण मुकाट्यानें झालें.

हें मोहाचें यंत्र चालतें कसें, तें थोडें पाहिलें पाहिजे. कारण 'मन खंबीर करा' असें सांगणाऱ्या आम्हां मंडळींना तें बहुधा ठाऊक नसतें. वर्तमानपत्र संपतें. पुस्तकाला शेवटचें पान असतें. मनुष्य थांबतो तो पुष्कळदां निश्चयानें नव्हे, तर पुढें कांहीं उरलें नाहीं म्हणून. २००६ सालीं एझा रॅस्किन नांवाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें अशी युक्ति काढली कीं, पडद्यावरील मजकूर खालीं सरकवीत गेलें असतां तो कधीं संपूंच नये. तळ येण्यापूर्वींच पुढील मजकूर येऊन त्याला जोडला जावा. 'पुढील पान' म्हणून वाचकाला पुन्हां पुन्हां बटन दाबावें लागूं नये, एवढीच सोय त्याला करावयाची होती. पुढें तीच युक्ति लोकांना खिळवून ठेवण्याच्या कामीं आली, आणि २०१८ सालीं स्वतः रॅस्किन यांनीं त्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. मध्यंतरीं २००७ सालीं आयफोन येऊन हा पडदा खिशांत शिरला होता, व २००९ सालीं फेसबुकवर पसंतीचा अंगठा आल्यापासून आपलें चित्र किती जणांस आवडलें तें मोजीत बसण्याची संवयही जडली होती.

आपल्यापैकीं ज्यांनीं खाडीवर गळ टाकला असेल त्यांना ह्यांतलें मर्म लागलींच कळेल. गळाला प्रत्येक वेळीं मासा लागला, तर मनुष्य घटकाभरांत टोपली भरून घरीं जाईल. मुळींच लागला नाहीं, तरी कंटाळून उठेल. परंतु केव्हां लागेल त्याचा नेम नाहीं, आणि मधूनमधून एखादा लागतो, अशी स्थिति असली म्हणजे तो अंधार पडेपर्यंत हलत नाहीं. फोनापुढें बसलेला मनुष्य असाच बसलेला असतो. फरक इतकाच कीं गळ त्याच्या हातीं नसून तोंडांत असतो. २०१८ सालीं ॲपल व गूगल या कंपन्यांनीं फोनांतच वेळेचा हिशेब दाखविण्याची सोय केली. ज्या वाण्यानें उधारी वाढविली त्यानेंच वही पुढें करावी, तसें हें झालें. तरी वही दाखविली हें बरेंच केलें. नाहींतर माझे चार तास अकरा मिनिटें मला कोणी सांगितले असते?

आतां साधा फोन पाहा. आपल्या घराघरांतून एके काळीं असलेला नोकिया ११०० आठवा. २००३ सालीं तो बाजारांत आला. बटनांत धूळ जाऊं नये अशी त्याची घडण होती, डोक्यावर विजेरी होती, आणि जगभर त्याचे सुमारें २५ कोटि नग खपले. त्यांत पाहत बसण्यासारखें कांहीं नव्हतें. निरोप लिहावयाचा तर ७ ह्या आंकड्यावर चार वेळां दाबावें तेव्हां एक अक्षर उमटे. अशा फोनावर मनुष्य कामापुरतेंच लिहितो. तो सद्गुणी असतो म्हणून नव्हे. बोटें दुखतात म्हणून. भाच्याला नेमकें हेंच हवें होतें. निश्चयाची परीक्षा दर घटकेला देत बसण्यापेक्षां ती एकदांच देऊन मोकळें व्हावें, असा त्याचा विचार होता, आणि विचार करतां मला तो माझ्या पुरुषार्थाच्या वाक्याहून शहाणपणाचा वाटूं लागला.

हा त्याच्या एकट्याच्या डोक्यांतून निघालेला विचार नव्हता. त्यानें कोठेंतरी अमेरिकेंतील मुलांची हकीकत वाचली होती. ती मीही मग मिळवून वाचली. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतील शाळकरी मुलांनीं आपलें एक मंडळ काढलें व त्याला 'लुडाइट क्लब' असें नांव दिलें. २०२२ च्या डिसेंबर महिन्यांत 'न्यूयॉर्क टाइम्स' या पत्रानें त्यांच्याविषयीं लिहिलें तेव्हां तें जगाला कळलें. साथीच्या काळांत घरांत कोंडलेली एक विद्यार्थिनी आपल्या फोनाला विटली. तिनें प्रथम आपलें समाजमाध्यमांवरील खातें बंद केलें, आणि मग स्मार्टफोनच बाजूला ठेवला. मुलगी बाहेर असतां तिच्याशीं संपर्क असावा म्हणून आईबापांनीं फोन जवळ ठेवण्याचा आग्रह धरला, तेव्हां तिनें घडीचा साधा फोन पत्करला. हळूहळू तिला सोबती मिळाले. दर रविवारीं हीं मुलें तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशीं जमत, तेथून प्रॉस्पेक्ट पार्क ह्या मोठ्या उद्यानांत जात, आणि फोन दूर ठेवून कोणी चित्रें काढी, कोणी वाची, कोणी नुसतेंच बसून राही. एवढाच त्यांचा कार्यक्रम. सभा नाहीं, ठराव नाहीं, वर्गणी नाहीं. आपल्या मंडळांना हें कसें जमावें, असा प्रश्न माझ्या मनांत येऊन गेला, असो.

त्यांनीं घेतलेल्या नांवाविषयीं मात्र थोडें सांगितलें पाहिजे, कारण 'लुडाइट' हा शब्द इंग्रजींत शिवी म्हणून वापरतात. यंत्राला भिणारा, सुधारणेला आडवा येणारा, जुनाट मनुष्य असा त्याचा अर्थ झाला आहे. मूळ लुडाइट तसे नव्हते. १८११ सालीं इंग्लंडांत नॉटिंगहॅमशायर परगण्यांत मोजे विणणाऱ्या कारागिरांनीं रात्रीं टोळ्या करून विणकामाचीं यंत्रें फोडण्यास प्रारंभ केला. नेड लुड नांवाचा एक कल्पित पुढारी त्यांनीं उभा केला होता. हे कारागीर स्वतः जन्मभर यंत्रावरच काम करीत आलेले होते. यंत्राशीं त्यांचें वैर असण्याचें कारण नव्हतें. त्यांचें भांडण होतें तें मजुरी कापून, शिकाऊ नसलेल्या माणसांकडून, हलका व उसवणारा माल त्याच यंत्रांवर काढणाऱ्या मालकांशीं. १८१२ सालीं पार्लमेंटानें यंत्र फोडण्याच्या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा ठरविली. त्या कायद्याविरुद्ध लॉर्ड बायरन या कवीनें २७ फेब्रुवारी १८१२ रोजीं लॉर्डांच्या सभेंत भाषण केलें. तें त्याचें तेथील पहिलेंच भाषण. त्याचा उपयोग झाला नाहीं. १८१३ च्या जानेवारींत यॉर्क येथें सतरा माणसें फांशीं गेलीं. यंत्र कोणाच्या भल्यासाठीं चालावें, एवढेंच विचारणाऱ्यांची नांवें पुढें शिवी होऊन राहिलीं. ब्रुकलिनच्या मुलांनीं कांहीं फोडलें नाहीं, कोणाला दुखविलें नाहीं. परंतु त्यांचा प्रश्न तोच आहे, म्हणून नांव चुकलेलें नाहीं असें मला वाटतें.

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती अगदींच पोकळ नव्हती. फोन सोडणें हा सुखवस्तु मुलांचा छंद आहे, ज्याची नोकरी, शिकवणी, पैशाचा व्यवहार सर्व त्या एका यंत्रावर चालतो त्यानें काय करावें, असें लोक म्हणाले. हें खरें आहे. अमेरिकेंत तर मुद्दाम साधे बनविलेले फोन शेंकडों डॉलरांना विकले जातात. साधेपणासाठीं अधिक पैसे मोजावयाचे, ही गंमत आपल्या आजीला सांगितली तर ती हंसून लोटपोट होईल. शिवाय स्मार्टफोनानें आपलें भलेंही केलें आहे. ज्या आईचा मुलगा आखातांत आहे, तिला तो रोज रात्रीं तोंड दाखवितो. पूर्वीं तिला पत्राची वाट पाहत महिना काढावा लागे. त्या माउलीला 'हा मोह सोड' म्हणून सांगण्याचें धैर्य माझ्यांत नाहीं, आणि इच्छाही नाहीं.

परंतु ह्या ब्रुकलिनच्या हकीकतींत मला एक गोष्ट विशेष वाटली, व ती मला दुसऱ्या दोन-तीन ठिकाणींही आढळली. ती अशी कीं, हीं मुलें एकेकटीं राहिलीं नाहींत. रविवार ठरलेला, जागा ठरलेली, आणि तेथें गेलें असतां आपल्यासारखेच चारजण भेटणार ही खात्री. आयर्लंड देशांत ग्रेस्टोन्स नांवाचें समुद्रकांठचें गांव आहे. तेथील आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनीं २०२३ सालीं आपसांत ठरविलें कीं, मूल माध्यमिक शाळेंत जाईपर्यंत त्याला स्मार्टफोन घेऊन द्यावयाचा नाहीं. कायदा नाहीं, दंड नाहीं. परंतु "सगळ्यांकडे आहे, मलाच नाहीं" ही जी प्रत्येक घरांतील रड, तिचा आधारच त्यांनीं काढून घेतला. इंग्लंडांतील ईटन ह्या श्रीमंतांच्या शाळेनें २०२४ सालीं नव्यानें आलेल्या मुलांना साधे नोकिया फोन दिले. तेथें शाळेचा हुकूम होता, म्हणून तें उदाहरण मी फार ताणीत नाहीं.

आणि इतकें दूर जावयास नको. आपल्या सांगली जिल्ह्यांत, कडेगांव तालुक्यांत, मोहित्यांचें वडगांव म्हणून गांव आहे. तेथें १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजूं लागला. तो वाजला कीं घराघरांतील दूरदर्शन व मोबाइल बंद, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनीं अभ्यास करावा व मोठ्यांनीं एकमेकांशीं बोलावें. प्रारंभीं शिक्षक, आशा सेविका व पंचायतीचे लोक घरोघरीं फिरून पाहत. ह्यांतलें मर्म मला भोंग्यांत दिसतें. भोंगा सर्वांसाठीं वाजतो. ज्या घरांत तिन्हीसांजेच्या घंटेला हातांतलें काम खालीं ठेवण्याची रीत होती, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांतील बांशी गांवानें अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलची बंदी करण्याचा ठराव केला. तो ठराव मुलांपुरता होता. वडगांवच्या भोंग्यांत बापाचाही फोन बंद होतो, आणि म्हणून तो मला अधिक न्यायाचा वाटतो.

माझा भाचा एकटा होता. त्याला ह्या दीड वर्षांत काय सोसावें लागलें तें मी आपणांस सांगतों, कारण तेंच सांगण्यासाठीं मी येथें उभा आहें.

पहिली अडचण क्षुल्लक होती, पण बोधप्रद. त्यानें स्टेशनाजवळच्या दुकानांतून हौसेनें जो स्वस्त फोन आणला, त्यांत त्याची सिम चालेना. ज्या कंपनीची ती सिम, तिचें जुनें २-जी जाळें मुळींच नाहीं. तिला ४-जीचा साधा फोन लागतो. म्हणजे साधें व्हावयाचें तेंही नव्या पद्धतीनें. तो फोन परत करून दुसरा घेतला. मग रेल्वेचा पास खिडकीवर रांग लावून काढावा लागला. पैशाचें काम मात्र अडलें नाहीं. २०२२ च्या मार्चपासून साध्या फोनावरूनही यूपीआयनें पैसे देतां येतात, हें त्यानेंच मला शिकविलें. महाविद्यालयांतील सूचना सर्व ग्रुपवर येत. एका तासाची खोली बदलली, तो रिकाम्या खोलींत बसून राहिला. सोबती चांगले होते. प्रथम प्रथम ते त्याला सांगत. पुढें सांगण्याचा कंटाळा आला. माणसाचा कंटाळा असाच येतो, कोणी दुष्ट असतो म्हणून नव्हे. हें सर्व त्यानें हंसत हंसत सोसलें. गाडींत तो खिडकीशीं बसे, आणि कधीं नव्हे तें मला सांगूं लागला कीं, मामा, नायगांव सोडलें कीं खाडीवर ह्या दिवसांत बगळे किती असतात. पाणजू बेटाकडे जाणाऱ्या होड्या अमक्या वेळीं दिसतात. एकोणीस वर्षें तो ह्या पुलावरून जात होता.

आतां गायनवृंदाची गोष्ट. माझा भाचा आपल्या गायनवृंदांत गातो हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहे. त्या वृंदाचा चिटणीस मी आहें, हेंही ठाऊक आहे. गेल्या वर्षीं एका आठवड्यांत शनिवारची तालीम शुक्रवारवर आणावी लागली. रविवारीं नवीं गीतें म्हणावयाचीं होतीं. मीं ग्रुपवर निरोप टाकला. एका अंगठ्याचें काम. अर्धें मिनिट लागलें नसेल. सत्तावीस जणांनीं तो वाचला, अशी खूण उमटली, आणि चिटणीस म्हणून माझें कर्तव्य पार पडलें असें मानून मी झोंपलों. अठ्ठाविसावा ग्रुपवर नाहीं, हें मला ठाऊक होतें. तें माझ्या मनांतही आलें होतें. पण मनांत आलें तें असें कीं, कोणीतरी सांगेल त्याला.

कोणी सांगितलें नाहीं. शनिवारीं तो एकटाच येऊन कुलूप लागलेल्या दाराशीं उभा राहिला आणि घरीं गेला. रविवारीं तो आपल्या नेहमींच्या जागीं उभा होता. पहिलें गीत सुरू झालें, तें त्याला येत नव्हतें. त्यानें शेजाऱ्याच्या कागदांत पाहून दोन ओळी गुणगुणल्या, मग तोंड मिटलें. दुसऱ्या गीताला तो खालीं बसला. मला पेटीच्या मागून तें दिसत होतें. मिस्सेनंतर मी त्याला गांठावयास गेलों तों तो निघून गेलेला. पुढील रविवारीं आला नाहीं. त्याच्या पुढच्या रविवारींही नाहीं. महिनाभर तो वृंदांत आला नाहीं, आणि खोटें कशाला सांगूं, तो कां येत नाहीं असें ग्रुपवर एकानें विचारलें तेव्हां दुसऱ्यानें लिहिलें, 'साहेबांना निरोप कबूतराबरोबर पाठवावा लागतो.' त्यावर हंसणारीं चित्रें आलीं. त्यांत एक माझें होतें.

महिन्यानंतर मी बहिणीच्या घरीं गेलों. स्मार्टफोन साड्यांखालून निघून टेबलावर, विजेच्या तारेला लावलेला होता. भाचा ओट्यावर बसला होता. मीं इकडचें तिकडचें बोलून शेवटीं म्हटलें, "अरे, तुला निरोप मिळाला नाहीं त्याला मी काय करूं? तूंच फोन सोडलास."

तो म्हणाला, "फोन कुठें सोडला मामा? फोन खिशांतच होता. तुम्ही केला असतात तर वाजला असता."

ह्यावर बोलण्यासारखें माझ्याजवळ कांहीं नव्हतें. आम्ही मोठीं माणसें तरुणांना म्हणतों, फोन कमी करा. आणि त्यांतल्या एखाद्यानें खरोखरच कमी केला, तर त्याला कळविण्यासाठीं नंबर दाबून चार शब्द बोलण्याचे कष्ट आम्हांला होत नाहींत. शाळेच्या सूचना, मंडळाच्या सभा, वाढदिवसाचीं आमंत्रणें, फार काय कोणाच्या मयतीची वर्दी देखील आम्हीं त्या एका खोलींत नेऊन ठेवली, आणि मग त्या खोलींतून बाहेर पडणाऱ्यालाच विचारूं लागलों कीं, बाबा, तूं असा एकलकोंडा कां? दार आम्हीं लावलें होतें. बहिणीनें चहा आणला, तो मीं निमूटपणें घेतला, आणि निघतांना त्याला म्हटलें, "शनिवारीं साडेसहाला ये. चुकलें माझें."

तो आला. मीं वृंदापुढें सर्व हकीकत सांगितली, हंसणाऱ्या चित्रासकट. त्यानंतर जें झालें तें फार मोठें नाहीं. मी तें वाढवून सांगत नाहीं. तिघांनीं साधा फोन घेतला. त्यांतला एकजण तीन आठवड्यांत परत स्मार्टफोनावर गेला, आणि तें त्यानें मोकळेपणानें सांगितलें. एका मुलीची इच्छा होती, पण गाडीला उशीर झाला म्हणजे ती कोठें आहे हें आईला फोनावरून दिसतें, म्हणून आईनें नको म्हटलें. त्या आईला मी दोष देत नाहीं. भाच्यानेंही आतां तडजोड केली आहे. महाविद्यालयाच्या सूचनांसाठीं तो बुधवारीं व रविवारीं रात्रीं स्मार्टफोन टेबलावर ठेवून उघडतो, हवें तें वहींत उतरून घेतो आणि पुन्हां साड्यांखालीं ठेवतो. गाडींत मात्र बटनांचाच फोन. तालमीच्या वेळीं आम्ही सर्वजण आपापले फोन पेटीच्या बाजूला एका सुपांत ठेवतों. चिटणिसाचा फोन पहिला पडतो, असा नियम त्यांनींच केला व मीं मान्य केला. माझा हिशेब चार तास अकरा मिनिटांवरून दोन तासांच्या आसपास आला आहे. त्याहून खालीं तो कांहीं केल्या येत नाहीं.

तालमीच्या वेळेची सूचना आतां दाराजवळच्या फळ्यावर खडूनें लिहिली जाते, आणि ज्यांच्याजवळ साधा फोन आहे त्यांचे नंबर मीं एका जुन्या वहींत उतरून ठेवले आहेत. तिघांना फोन करावयास मला सहा-सात मिनिटें लागतात. एकाची आजी फोन उचलते, म्हणून जास्त. महोत्सवाच्या मिस्सेची शेवटची तालीम ह्या वेळीं शनिवारीं नसून गुरुवारीं, सायंकाळीं साडेसहाला आहे. फळ्यावर मीं तें येतांनाच लिहिलें. फोन घरीं गेल्यावर करीन.